पॅरिसहून नुअर्कला चीज नेताना: काय घ्यावं, कसं बांधावं, कस्टम्सला काय सांगावं

युरोपातून अमेरिकेत चीज आणता येतं. लपवून नव्हे, सरळ सांगून. अनेकांना वाटतं की कस्टम्सवाले खाण्याच्या वस्तू दिसल्या की काढूनच घेतात. म्हणून कुणी चीज घेतच नाही, तर कुणी स्वेटरच्या घडीत दडवतं आणि न्यू यॉर्कजवळच्या नुअर्क विमानतळावर उतरल्यावर बॅगेच्या पट्ट्याजवळ घाम पुसत उभं राहतं. दोन्हींची गरज नाही. चीज आणण्यावर दंड होत नाही. दंड होतो तो आणलेलं न सांगण्यावर.

नियम पाठ करण्यापेक्षा तपासणाऱ्याला भीती कशाची आहे हे समजून घेतलेलं बरं. त्याला तुमच्या गौडाच्या किमतीत फारसा रस नसतो. त्याला धास्ती असते लाळ्या-खुरकताची. गावाकडे ज्यांनी गुरं पाहिली आहेत त्यांना हा रोग सांगायला नको. तोंडात फोड, लाळेच्या तारा, खुरांत जखमा, दूध आटलेलं, आणि एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात वणव्यासारखा पसरणारा. अमेरिकेत तो १९२९ नंतर आलेला नाही, आणि येऊ नये म्हणून तिथलं कृषी खातं डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये साथ आली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत, बर्लिनजवळच्या म्हशींच्या कळपात तो सापडला, १९८८ नंतर पहिल्यांदाच. मार्चमध्ये हंगेरी आणि स्लोव्हाकियातही निघाला.

या रोगाचा विषाणू दुधात राहतो, पण आम्लपणा त्याला सोसत नाही. सामू (pH, आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आंबट) ६ च्या खाली गेला की तो तग धरत नाही. चीज करताना दूध विरजतं, फाटतं, निवळी निथळून जाते, आणि बहुतेक घट्ट चिजांचा सामू ५ ते साडेपाचच्या आसपास येतो. म्हणून घट्ट चिजाला वाट मोकळी, आणि दूध किंवा निवळी ज्यात अजून शिल्लक आहे त्याला अडसर. पुढचे बहुतेक नियम यातूनच उलगडतात.

काय चालतं, काय अडतं

कसोटी सोपी आहे: चीज घट्ट आहे का, आणि त्यात मांस आहे का?

पार्मेजान, ग्रुएर, कोंते, गौडा, एडाम, मांचेगो, चेडर, पेकोरिनो ही सगळी बिनघोर आणावीत. रोकफोर, गोर्गोंझोला, स्टिल्टन ही निळ्या बुरशीची चिजंही चालतात. ब्री आणि कॅमेम्बेर मऊ असली तरी त्यांना मनाई नाही. फेटा आणि मोझरेला मिठाच्या पाण्यात असतात, तरीही चालतात, कारण आतला गोळा घट्ट असतो. (कस्टम्सची अडचण नसली तरी विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत ते पाणी नडतं. त्याकडे पुढे येऊ.)

अडतात ती रिकोटा आणि कॉटेज चीज, कारण त्यांत ओलावा आणि निवळी राहिलेली असते. घट्ट सायीसारखं ओतता येईल असं कुठलंही चीज लाळ्या-खुरकत असलेल्या देशातून आणता येत नाही. बुर्राताचं पोट फोडलं की आतून साय वाहते. ती तिथेच, इटलीतल्या पुलियात बसून खावी हे उत्तम. हिवाळ्यात मिळणारं व्हाश्रां मों-दोर चमच्याने खाण्याइतकं पातळ होतं. तेही त्याच रांगेतलं समजा.

मांस असलेलं चीज चालणार नाही. हॅमचे तुकडे, बेकन, सलामी गुंडाळलेली सुरळी, सगळं बंद. इथे दुसरी भीती कामाला येते, डुकरांच्या रोगांची. भेटवस्तूंच्या टोपल्यांमध्ये लोक इथेच फसतात. टोपली चिजाची म्हणून घेतलेली असते, आणि तळाशी कागदात एक सॉसेज निघतं.

कच्च्या दुधाच्या चिजाबद्दल गोंधळ फार आहे. अमेरिकेत विकायचं कच्च्या दुधाचं चीज किमान ६० दिवस मुरलेलं असावं लागतं. त्यामुळे खऱ्या कच्च्या दुधाचं कॅमेम्बेर द नॉर्मंदी किंवा ब्री द मो तिथल्या दुकानात मिळत नाही. ती काही आठवड्यांतच खाण्याजोगी होतात, ६० दिवस थांबलं तर पाणी सुटून उग्र होतात. हा नियम विक्रीचा आहे आणि अन्न व औषध प्रशासनाचा आहे. विमानतळावरचा कृषी तज्ज्ञ जनावरांच्या रोगाकडे पाहतो. प्रवाशाच्या घरगुती तुकड्याला तो सहसा ६० दिवसांचा हिशेब विचारत नाही. तरी एखाद्याने अडवलंच तर हुज्जत घालू नका. निर्णय त्याचा असतो, आणि मागे रांगेत शंभर माणसं उभी असतात. तुम्हाला पूर्ण निर्धास्त राहायचं असेल तर मुरलेलंच घ्या: पार्मेजान किमान १२ महिने मुरतं, ग्रुएर ५ महिने, कोंते ४ महिने, रोकफोर ९० दिवस. आणि घरी कुणी गरोदर असेल तर कच्च्या दुधाचं मऊ चीज नकोच. तिथे कस्टम्सचा प्रश्न नाही, गर्भाला घातक ठरणाऱ्या लिस्टेरिया या जंतूचा आहे.

पृष्ठभागावर किडे पोसून मुरवलेल्या चिजांच्या फंदात पडू नये. मिमोलेट नावाच्या नारिंगी फ्रेंच चिजाच्या सालीवर खळगे असतात, ते सूक्ष्म किड्यांनीच पाडलेले. २०१३ मध्ये याच कारणावरून त्याचा मोठा साठा न्यू जर्सीच्या बंदरात अडकला होता. सार्डिनियात तर जिवंत अळ्यांचं चीज असतं. ते सूटकेसमध्ये घालावंसं ज्याला वाटतं त्याला हे मार्गदर्शन उपयोगाचं नाही. सुकं गवत लावलेलं किंवा पानात गुंडाळलेलं चीजही शक्यतो टाळा. दुधाचा प्रश्न सुटला तरी गवताचा निघतो.

शाकाहारी असाल तर आधी रेनेट पाहा

कस्टम्स हा नंतरचा पेच. आपल्याकडच्या अनेक घरांसाठी पहिला प्रश्न वेगळाच असतो: दूध फाडायला काय वापरलं? पारंपरिक युरोपीय चिजात वासराच्या जठरातलं रेनेट असतं. पार्मेजान, ग्राना पादानो, ग्रुएर, कोंते, रोकफोर या नावांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्यांत प्राण्याचंच रेनेट असतं. ‘शाकाहारी पार्मेजान’ असा प्रकार त्या नावाखाली नसतो. दुकानदार मान डोलावेल, पण तो ‘यात मांस नाही’ एवढंच सांगत असतो.

म्हणून लेबल स्वतः वाचायचं. इटालियनमध्ये नुसतं ‘काल्यो’ लिहिलं असेल तर प्राण्याचं धरून चाला. ‘काल्यो वेजेताले’ किंवा ‘मिक्रोबिको’ असेल तर ठीक. फ्रेंचमध्ये ‘प्रेझ्यूर’ म्हणजे प्राण्याचं, आणि ‘कोआग्युलां मिक्रोबियें’ म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचं. जर्मनमध्ये ‘लाब’ आणि ‘मिक्रोबियेलेस लाब’ असा भेद. डचमध्ये रेनेटला ‘स्ट्रेमसेल’ म्हणतात. ‘मिक्रोबियेल स्ट्रेमसेल’ किंवा ‘वेगेतारिश’ हे शब्द शोधा. दुकानात घरी बनवलेल्या तुकड्यांवर लेबल नसेल तर कागदावर हा शब्द लिहून विचारा. उच्चारापेक्षा लिहिलेलं लवकर कळतं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. ग्राना पादानोत बहुधा अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम घातलेलं असतं. लेबलावर ‘लिझोझिमा’ आणि पुढे ‘उओवो’ म्हणजे अंडं, असं लिहिलेलं दिसेल. पार्मेजानमध्ये ते नसतं.

या सगळ्यातून पार पडणारं, सहज मिळणारं आणि प्रवासात दगडासारखं टिकणारं चीज म्हणजे सूक्ष्मजीव-रेनेटचं मुरलेलं डच गौडा. सगळ्यांनी खावं आणि आपण निवांत असावं अशी अपेक्षा असेल तर पिशवीतलं निम्मं वजन त्यालाच द्या.

खरेदी आणि बांधाबांध

चीज शेवटच्या दिवशी घ्या. सहलीच्या तिसऱ्या दिवशी घेतलं की हॉटेलच्या छोट्या फ्रीजमध्ये कोंबावं लागतं, आणि तो फ्रीज बहुतेकदा नावाचाच थंड असतो.

दुकानात तीन गोष्टी मागा.

पहिली, हवा काढून पाकीट बंद करणं. पॅरिसमध्ये ‘सू व्हिद’, इटलीत ‘सोत्तोव्होतो’, ॲमस्टरडॅममध्ये ‘फाक्यूम’. पर्यटक येतात त्या भागातल्या बहुतेक चीज दुकानांत यंत्र असतंच, आणि कित्येक ठिकाणी वेगळे पैसेही घेत नाहीत. तुकडे मोठे करून घेऊ नका. पाव किलो ते अर्धा किलोचे ठेवा. मोठा ढेप उघडला की पुढच्या आठवड्यात संपवायची घाई होते. छोटी पाकिटं एकेक करून उघडता येतात, आणि तपासणीत एखादं कापलं गेलं तरी बाकीची शाबूत राहतात.

दुसरी, लेबल. चिजाचं नाव, दूध कुठल्या जनावराचं, देश कुठला, हे पाकिटावर दिसलं पाहिजे. आठवडी बाजारात शेतकऱ्याकडून कागदात गुंडाळून घेतलेला बिननावाचा पांढरा गोळा तपासणाऱ्यापुढे ठेवला तर तो कुठल्या आधारावर सोडणार? विक्रेत्याला चिठ्ठी चिकटवायला सांगा.

तिसरी, पावती. किंमत विचारली तर दाखवायला लागते. अमेरिकेत राहणाऱ्याला परदेशातून येताना माणशी ८०० डॉलरपर्यंतच्या वस्तूंवर साधारणपणे जकात नसते, आणि चीज त्यातच मोजलं जातं. किती आणावं? माणशी दोन-तीन किलोच्या आत राहा. घरच्या वापराचं दिसलं पाहिजे. एकाच जातीचे अर्धा किलोचे वीस तुकडे दिसले की प्रश्न व्यापाराकडे वळतो.

मऊ चिजाला मात्र हवाबंद पाकीट मानवत नाही. ब्रीची पांढरी साल जिवंत बुरशी असते. तिला कोंडलं की ती गुदमरते, चीज चपटं होतं, आणि घरी पाकीट उघडल्यावर अमोनियाचा भपका येतो. कॅमेम्बेर त्याच्या लाकडी डबीतच ठेवा. ब्रीचा तुकडा दुकानातल्या मेणकागदात गुंडाळा आणि बाहेरून घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. आपला फराळाचा स्टीलचा डबा याला फार चांगला. चेपत नाही, वास बाहेर सोडत नाही, आणि उघडून दाखवायला सोपा. पूर्ण पिकलेलं ब्री घेऊ नका. ‘चार दिवसांनी खायचं आहे’ असं सांगितलं की फ्रेंच दुकानदार अंगठ्याने दाबून नेमकं तेवढ्या दिवसांत पिकणारं काढून देतो. ही त्याच्या अभिमानाची गोष्ट असते.

एपॉईससारखं उग्र वासाचं चीज नेणारच असाल तर डब्यावर आणखी एक झिपची पिशवी चढवा, आणि तो डबा रेशमी साडीच्या जवळ ठेवू नका.

बर्फाचं काय? मुरलेलं घट्ट चीज हवाबंद पाकिटात एक दिवस फ्रीजबाहेर आरामात राहतं. फार तर तूप सुटून पृष्ठभागावर चकाकी येते, गार झाल्यावर ती जिरते. त्याला बर्फाची गरज नाही. मऊ चिजासाठी चेक-इन बॅगेत जेलचं एक गोठवलेलं पाकीट पुरतं. पण तेच पाकीट केबिन बॅगेत असलं तर युरोपातल्या सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थ म्हणून काढलं जाऊ शकतं. सुका बर्फ अडीच किलोपर्यंत नेता येतो, पण त्यासाठी विमान कंपनीची परवानगी आणि हवा जाईल असा डबा लागतो. दोन किलो चिजासाठी एवढा खटाटोप कशाला? आणि निघण्याआधी चीज फ्रीजरमध्ये गोठवू नका. सुटल्यावर ते भुगाभुगा होतं.

बॅगेत चीज मधोमध ठेवा, सगळीकडून कपडे. जुलै-ऑगस्टमध्ये बॅगांची गाडी धावपट्टीवर उन्हात उभी राहते, तेव्हा हे कपडेच गादीसारखे मदतीला येतात.

केबिनमध्ये की चेक-इनमध्ये?

घट्ट चीज कुठेही चालतं. केबिन बॅगेत असेल तर सुरक्षा तपासणीला आपणहून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. यंत्राच्या पडद्यावर चिजाचा ठोकळा एकसलग गच्च दिसतो, आणि असा गच्च ठोकळा दिसला की बॅग बाजूला काढून उघडली जातेच. आधीच काढून ठेवलं तर पाच मिनिटं वाचतात.

मऊ चीज केबिनमध्ये नेऊ नका. तपासणाऱ्यांच्या लेखी जे पसरतं ते द्रव, आणि द्रवाला बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरची मर्यादा. २५० ग्रॅमचं कॅमेम्बेर पॅरिसच्या विमानतळावर याच कारणाने कचऱ्याच्या डब्यात जातं. पाण्यातल्या मोझरेलाचंही तसंच.

तपासणी झाल्यावर आतल्या दुकानात घेतलेलं मऊ चीज विमानात नेता येतं. पण इथे एक खाच आहे, ती बहुतेकांना उतरल्यावरच कळते. तुमचं पुढचं विमान अमेरिकेतलंच असेल, म्हणजे नुअर्कहून ऑस्टिन किंवा शिकागोहून सिएटल, तर पहिल्या विमानतळावर कस्टम्स उरकून पुन्हा सुरक्षा तपासणीतून जावं लागतं, आणि तिथे ते ब्री पुन्हा ‘द्रव’ होतं. उपाय असा: पहिल्या विमानतळावर तुमची चेक-इन बॅग हातात येते, आणि कस्टम्सनंतर ती पुन्हा पट्ट्यावर सोडायची असते. सोडण्याआधी ब्री त्या बॅगेत टाका.

उतरल्यावर, क्रमाने

अमेरिकेत कस्टम्स पहिल्या विमानतळावरच होतं, तिकीट पुढच्या शहराचं असलं तरी. अपवाद डब्लिन, शॅनन, अबू धाबी अशा काही विमानतळांचा. तिथून निघणाऱ्या अनेक विमानांच्या प्रवाशांची अमेरिकी तपासणी चढण्यापूर्वीच होते. तेव्हा चीज तिथेच सांगायचं. अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं थेट बाहेर.

कागदी जाहीरपत्र मिळालं तर त्यात फळं, भाज्या, वनस्पती, बिया, अन्नपदार्थ आणताय का, असा प्रश्न असतो. चीज म्हणजे अन्न, तेव्हा उत्तर ‘हो’. मांस आणि प्राणिजन्य पदार्थांचा प्रश्न वेगळा असतो. तिथे काय लिहावं हे कळत नसेल तर ‘हो’ लिहा आणि तोंडी सांगा. जास्तीचं सांगितल्याबद्दल दंड होत नाही.

हल्ली अनेक विमानतळांवर कागद नसतो. फोनच्या ॲपवर प्रश्न असतात, किंवा अधिकारी चेहऱ्याचा फोटो घेऊन ‘काही खायचं आणलंय का?’ एवढंच विचारतो. कधी विचारतही नाही. तरी आपणहून सांगा. ग्लोबल एंट्रीवाल्यांनी, म्हणजे आधीच पडताळणी करून जलद रांगेचं सदस्यत्व घेतलेल्यांनी, तर हे विसरूच नये. त्यांची रांग भराभर सरकते, आणि न सांगितलेलं चीज सापडलं तर ते सदस्यत्वच जाऊ शकतं.

सांगायचं कसं? ‘थोडं खायचं आहे’ असं नको. त्यावर पुढचे चार प्रश्न येतात. ‘फ्रान्सहून दीड किलो चीज, घट्ट, हवाबंद, मांस नाही. शिवाय चॉकलेट.’ एवढं वाक्य इंग्रजीत तयार ठेवा. अधिकारी एक तर तिथेच ‘ठीक आहे’ म्हणतो, किंवा बॅग घेतल्यावर कृषी तपासणीच्या रांगेत पाठवतो. तिथे बॅग यंत्रातून जाते. कृषी तज्ज्ञ लेबल वाचतो, क्वचित पाकीट दाबून पाहतो. चिजाचा डबा बॅगेत वरच्या बाजूला हलवून ठेवला असेल तर सगळ्या कपड्यांची उलथापालथ होत नाही. बॅग हातात आल्यावर, रांगेत लागण्याआधीच हे करा.

पट्ट्याजवळ जाकीट घातलेला बीगल जातीचा कुत्रा फिरत असेल आणि तुमच्या बॅगेशेजारी येऊन शांतपणे बसला, तर घाबरू नका. त्याला वास आला, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही आधीच सांगितलं असेल तर विषय तिथेच संपतो.

एखादी वस्तू चालत नसेल तर ती ठेवून घेतात आणि नष्ट करतात. सांगितलेली असेल तर नुकसान तेवढंच. न सांगता सापडली तर पहिल्या चुकीलाही दंड साधारण ३०० डॉलरपासून सुरू होतो आणि हजारापर्यंत जाऊ शकतो. चीज चालणाऱ्यातलं असलं तरी ‘सांगितलं नाही’ हा ठपका उरतोच.

जाहीरपत्रातला आणखी एक प्रश्न चीजप्रेमींना हमखास अडकवतो: परदेशात शेतावर किंवा गुरांच्या जवळ गेला होता का? ग्रुएरच्या डोंगरातला गोठा, हॉलंडमधलं चीज बनवणारं शेत, पार्माजवळची डेअरी, हे सगळं त्यात येतं. उत्तर ‘हो’ द्या. बुटांचे तळ पाहतात, गरज वाटली तर धुऊन देतात. त्यापेक्षा हॉटेलात निघण्याआधी जुन्या टूथब्रशने तळातल्या खाचांमधलं शेण-माती काढा. चिजापेक्षा त्या चिखलातून रोग जाण्याची शक्यता जास्त, आणि तपासणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

घर लंडनला असेल, किंवा मुंबईला

वरचं सगळं अमेरिकेचं. इतरत्र चित्र वेगळं आहे.

ब्रिटनने १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांना गाय, मेंढी, शेळी, डुक्कर यांचं मांस आणि सगळे दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी घातली. हवाबंद पाकीट, ड्यूटी-फ्रीची पिशवी, काहीही कामाला येत नाही. चॉकलेट, बिस्किटं, केक, पाव यांना मोकळीक आहे. गंभीर प्रकरणात इंग्लंडमध्ये ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पॅरिसला दोन दिवस जाऊन युरोस्टारने परतणाऱ्या लंडनकरांना हेच सगळ्यांत जास्त नडतं. अशी बंदी रोगाच्या बातमीबरोबर बदलते, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात सरकारचं पान एकदा उघडून बघाच.

युरोपीय संघात उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी: भारतातून दूध, पनीर, खवा, पेढे, साजूक तूप नेता येत नाही. म्युनिकला मुलाकडे जाणाऱ्या आईच्या बॅगेतून तुपाची बरणी काढली जाते, ती याच नियमाने.

मुंबईला उतरणाऱ्यांसाठी अमेरिकेसारखी ‘घट्ट असेल तर चालेल’ अशी सोपी रेघ नाही. भारतात दुग्धजन्य पदार्थांची आयात १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली येते आणि ती परवान्याशी बांधलेली आहे. कस्टम्सच्या जाहीरपत्रात मांस, दुग्धजन्य पदार्थ, मासे, कोंबडी यांचा वेगळा रकाना आहे. तेव्हा हक्काची सवलत आहे असं धरून चालू नका. थोडंच आणा, मूळ सीलबंद पाकिटात आणा, पावती ठेवा, रकान्यात ‘हो’ लिहा आणि ग्रीन चॅनेलऐवजी रेड चॅनेलला जा. सोडायचं की पशू संगरोध विभागाकडे पाठवायचं हे तिथला अधिकारी ठरवेल. महागातलं चीज या भरवशावर आणू नये. चीनमधलं दूध आणि दुधाच्या वस्तू, चॉकलेटसकट, यांवर तर २००८ पासून बंदी आहे.

दुबई किंवा दोहामार्गे मुंबईला येत असाल तर तिथे विमान बदलताना सुरक्षा तपासणी पुन्हा होते. केबिनमधलं मऊ चीज तिथेही काढून घेतलं जाऊ शकतं.

घरी पोचल्यावर

पाकिटं लगेच फ्रीजमध्ये, पण उघडू नका. रात्रभर गार होऊ द्या. प्रवासात सुटलेलं तूप आवळून येतं आणि कापताना सुरी चिकटत नाही. एखादं पाकीट फुगलेलं दिसलं तर आधी वास घ्या. हवा शिरली असेल तर दोन-चार दिवसांत संपवा. आंबूस, सडका वास आणि चिकट पाणी असेल तर टाकून द्या. मऊ चीज तासन् तास गरम राहिल्याची शंका असली तरी जीव अडकवू नये.

उघडलेलं चीज प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळू नका, घामेजतं. आधी बेकिंगचा कागद, त्यावर सैलसर पिशवी, आणि जागा भाजीच्या कप्प्यात. निळ्या बुरशीच्या चिजाला स्वतंत्र डबा द्या, नाहीतर आठवड्याभरात शेजारच्या गौडावर निळे ठिपके उमटतात. घट्ट चिजावर बुरशी आली तर भोवतालचा इंचभर भाग खोलवर कापून टाका, बाकीचं खायला हरकत नाही. कापताना सुरी बुरशीतून चांगल्या भागात ओढू नका. पार्मेजानची साल फ्रीजरमध्ये साठवा आणि टोमॅटोच्या सारात पंधरा मिनिटं उकळून काढून घ्या. गौडाची पिवळी किंवा एडामची लाल साल मात्र मेणाची किंवा प्लास्टिकची असते, ती सोलून केराच्या टोपलीत टाका.